सरूबाईच्या मरणाची साक्ष

सरूबाईला आपण मेल्याची बातमी सोमवारी सकाळी अंगणवाडीची भांडी घासताना कळली. बातमी आणली शेजारच्या रेणुकानं.

रेणुकाचे दोन्ही गुडघे चार वर्षांपासून दुखत होते आणि त्यांच्यासाठी ती कुठल्याच देवाला नाही म्हणत नसे. एकवीरेला नवस बोलून झाला होता, एका दर्ग्यातला धागा अजून डाव्या पायात होता, आणि गेल्या महिन्यापासून ती दर रविवारी लोणावळ्याला येशूकडे जायला लागली होती. तिथं गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि नंतर चहा-बिस्किट देतात, एवढं तिनं सरूबाईला आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या सोमवारी ती नळाजवळ येऊन चक्क उकिडवी बसली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं मालक खंडाळ्याच्या घाटात गाडीखाली गेलं म्हणालतात ना?"

"गेलं की. झाली त्याला बत्तीस वर्सं."

"न्हाई गेलं. लोणावळ्यात हायेत. काल माईकवर बोलत व्हते. ते म्हणत्यात, तुमीच मेलाय."

सरूबाईनं पातेलं खाली ठेवलं. "दुसरा कुणी सीताराम आसंल."

"सीताराम दुसरा आसंल वो. पन बायकूचं नाव सरू, माहेर टाकवे बुद्रुक, आन् डाव्या हाताला सहा बोटं, अशा किती जणी आसत्याल?"

सरूबाईनं डावा हात बादलीत बुडवला आणि तिथंच राहू दिला. थोड्या वेळानं विचारलं, "कशानं मेले म्हनं मी?"

"हिरीत उडी मारून. तिसऱ्या दिशी वर आलाव. लय रडले लोक. मी बी रडले. मग एकाएकी ध्यानात आलं, ही बाई तर परवाच माझ्याकडून मिरच्या घेऊन गेली."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. सीताराम घाटात गाडीखाली गेला ही बातमी टाकव्यात पसरवली होती ती सरूबाईनंच. तिचं सासर नाणे मावळात, डोंगराच्या पलीकडं. नवरा एके दिवशी कामशेतला म्हणून गेला तो आलाच नाही. दोन महिने वाट बघून ती दोन वर्षांच्या ज्योत्स्नाला कडेवर घेऊन टाकव्याला भावाकडं आली आणि येतानाच तिनं वाटेत नवऱ्याला मारून टाकलं. त्याला कारण होतं. विधवेला लोक भाजी आणून देतात, टाकलेल्या बाईला सल्ला देतात. सरूबाईला भाजीची गरज होती. भाऊ-भावजयीला खरं ठाऊक होतं, पण ती दोघं तोंड मिटून राहिली आणि पुढं तोंड मिटूनच वारली. मग टाकव्यात खरं जाणणारी सरूबाई एकटी उरली, आणि इतक्या वर्षांत तिचाही घाटातल्या गाडीवर बऱ्यापैकी विश्वास बसला होता.

अंगणवाडीतली मदतनिसाची नोकरी, भावानं दिलेली दहा गुंठ्यांची भातखाचरं आणि सकाळी बुद्धवंदना, असं तिचं आयुष्य. ज्योत्स्ना शिकली, नर्स झाली, तळेगावात सोसायटीत राहायला गेली. जावई अतुल कंपनीत. सगळं रांगेला लागलेलं. आणि त्यात हा उठून बसला.

"रविवारी मी येते तुझ्यासंगं," सरूबाई म्हणाली. "माझं मयत मला बघू दे."

कान्हे फाट्यापर्यंत जीप आणि तिथून लोकल. लोणावळा तिसरं स्टेशन. गाडीत सरूबाईच्या डोक्यात एकच प्रश्न, त्याला काय म्हणायचं. अरे-तुरे करायचं हे तिनं मळवली स्टेशन येईपर्यंत पक्कं करून टाकलं.

प्रार्थनेची जागा चिक्कीच्या एका कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. गुळाच्या पाकाचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा असा वास यायचा की उपवास-प्रार्थनेच्या दिवशी मंडळींची खरी परीक्षा व्हायची. साठ-सत्तर प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर क्रूस, एक ढोलकी, एक कीबोर्ड. पास्टर अमृत तिशीचा, नगरकडचा, गोड गळ्याचा माणूस. सरूबाईनं पदर पुढं ओढला आणि रेणुकाच्या आड शेवटच्या रांगेत बसली.

दोन गाणी झाली. मग पास्टर म्हणाले, आज पुण्याहून पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी ब्रदर सीताराम पुन्हा एकदा साक्ष देतील. साक्ष म्हणजे आपण कसे होतो आणि प्रभूनं कसं बदललं ते सगळ्यांपुढं सांगणं, हे रेणुकानं कानात सांगितलं. पुढच्या बायकांनी रुमाल काढूनच ठेवले.

सीताराम उठला. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती, पण डाव्या पायावर भार देऊन उभं राहायची ढब तीच. ती आपल्याला अजून ओळखू येते याचाच सरूबाईला राग आला.

"मी पापी माणूस," सीताराम म्हणाला. आवाज कमावलेला होता. "माझ्या घरात गाय व्हती. गाय म्हणजे माझी सरू. कधी वर मान करून बोलली न्हाई."

रेणुकानं वळून सरूबाईकडं पाहिलं. सरूबाईनं लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात सासूला फुंकणी फेकून मारली होती, हे रेणुकाला तिनंच सांगितलेलं होतं.

मग साक्ष पुढं सरकली. सीताराम दारू प्यायचा, रोज मारायचा. एका सांजेला त्यानं सरूला लाकडानं मारलं, आणि ती माऊली काही न बोलता उठली, तुळशीपुढं दिवा लावला, आणि विहिरीची वाट धरली. इथं कीबोर्डवाल्यानं हळूच एक सूर धरला. पुढची एक म्हातारी हुंदके द्यायला लागली. तिसऱ्या दिवशी प्रेत वर आलं तेव्हा डाव्या हाताची सहा बोटं पाण्यावर कमळासारखी उघडली होती, असं सीतारामनं सांगितलं, आणि पुण्याच्या पाहुण्यांपैकी एकानं चष्मा काढून डोळे पुसले.

खरी गोष्ट अशी की सीताराम दारू पीत नव्हता. त्याला वासानंच उलटी व्हायची. त्यानं तिच्यावर हात कधी उगारला नव्हता, उगारला असता तर कुणाचं प्रेत वर आलं असतं ते सांगायला नको. आणि बौद्धवाड्यातल्या त्यांच्या घरापुढं तुळस कुठून येणार होती. पण बोलत होता इतकं छान की शेवटी शेवटी सरूबाईच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिला त्या मेलेल्या बाईची दया आली. बिचारीचं कुणी नव्हतं. मूलबाळसुद्धा नव्हतं.

मूलबाळ नव्हतं, हे मनात आलं आणि सरूबाई ताठ बसली. अख्ख्या साक्षीत ज्योत्स्नाचं नाव नव्हतं.

"आणि मग प्रभूनं मला हाक मारली," सीताराम सांगत होता. "म्हणाला, सीताराम, मी तुला क्षमा केली."

"कशाची?" शेवटच्या रांगेतून आवाज आला.

सगळे वळले. सरूबाई उभी राहिली होती. पदर मागं सारून तिनं डावा हात वर केला, शाळेत पोरं करतात तसा. सहा बोटं सगळ्यांना नीट दिसली.

सीतारामच्या हातातला माईक खाली पडला आणि स्पीकरनं कानठळ्या बसतील अशी शिट्टी मारली. मग पुढची हुंदके देणारी म्हातारी उठली, सरूबाईकडं बोट केलं, आणि "हालेलुया" म्हणून खुर्चीत कोसळली.

पुढं जे झालं त्याला सरूबाईचा काही इलाज नव्हता. ती विहिरीतून उठून आलीय, ही बातमी पहिल्या रांगेपासून चपलांच्या ढिगापर्यंत एका दमात पोचली. ढोलकीवाल्यानं ठेका धरला. कुणी तिचे पाय धरले, कुणी तिच्या लुगड्याला हात लावून स्वतःच्या कपाळाला लावला, पुण्याच्या पाहुण्यांनी मोबाईल काढले. "मी मेलेच न्हाई," सरूबाई ओरडून सांगत होती, तर एक बाई डोळे मिटून म्हणाली, "खरंय आई, प्रभूमध्ये कुणीच मरत नाही." रेणुकासुद्धा गोंधळात सरूबाईचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवत होती.

"अगं, तू तरी गप बस," सरूबाईनं तिला सांगितलं. "तुझ्या शेजारी ऱ्हाते मी."

पास्टर अमृतनं मोठ्या मुश्किलीनं दोघांना मागच्या दारानं बाहेर काढलं. तिथं कारखान्याच्या भिंतीशी रिकाम्या गुळाच्या डब्यांची उतरंड होती. एका डब्यावर सरूबाई बसली, एकावर सीताराम, आणि मध्ये पास्टर उभे.

"काय वो," सरूबाई म्हणाली, आणि अरे-तुरे मळवलीलाच राहिलं हे तिच्या ध्यानात आलं. "तुमी कवा पीत व्हता?"

सीताराम जमिनीकडं बघत होता. "न्हाई पीत."

"मला कवा मारलं?"

"न्हाई मारलं."

पास्टर अमृतचा चेहरा उतरला. या साक्षीवर गेल्या दोन वर्षांत सोळा माणसं प्रभूकडं आली होती. "ब्रदर," त्यांनी विचारलं, "मग हे सगळं काय होतं?"

"पास्टर, तुमच्या आधीचे मोठे पास्टर व्हते ना, त्यांच्यापुढं मी पहिल्यांदा खरंच सांगितलं," सीताराम म्हणाला. "म्हणालो, बायकूला टाकून आलो. ते म्हणाले, बरं, मग? मागं बसलेल्या गड्यांतल्या निम्म्यांनी तेच केलं व्हतं. कुनाला काय वाटलं न्हाई. मग पुढच्या टायमाला म्हणालो, मारून आलो. तवा जरा लोकं सावरून बसली. दर साली थोडं थोडं वाढलं. मला बी कळलं न्हाई. तीन वर्सांखाली तू हिरीत गेलीस." शेवटचं वाक्य तो सरूबाईला म्हणाला, खाली मान घालून.

"लोणावळ्यात कवापासनं हाय?"

"अकरा वर्सं झाली. तुंगार्लीला बंगल्यावर माळी हाय."

"तीन स्टेशनं," सरूबाई म्हणाली. "मला मारायला येळ व्हता, बघायला यायला नव्हता."

पास्टर अमृतनं घसा खाकरला. त्यांचं शिक्षण असल्या प्रसंगासाठी झालेलं नव्हतं, पण माणूस कामसू होता. "मावशी, खोटं बोलणं पापच. पण पश्चात्ताप करणाऱ्याला देव क्षमा करतो. त्यांनाही केलीय."

"कशाची केलीय? मला मारल्याची?"

"म्हणजे... हो."

"मी तर हितं डब्यावर बसलीय. मग ती माफी तुमच्या देवानं परत घेतली का?"

"देवाची क्षमा परत घेतली जात नाही, मावशी."

"मग ती अशा कुनाला तरी द्या ज्यानं खरंच बायकू मारलीय. ह्यांच्याकडं उगा पडून ऱ्हायली. आन् जे केलं त्याची मागितली का ह्यांनी?"

पास्टरांनी सीतारामकडं पाहिलं. सीताराम चपलेच्या टोकानं माती उकरत होता.

"आमच्यात वर बसून माफ करनारा कुनी न्हाई," सरूबाई म्हणाली. "ज्यानं केलं त्यानं निस्तरायचं. तुमच्यात हाय, तर त्याला निदान खरं तरी सांगा. का त्याला बी कीबोर्ड लागतो?"

मग ती सीतारामकडं वळली. "आन् पोरीचं काय? सगळी गोष्ट सांगितली, पोरगी कुटं गेली त्यातली?"

सीतारामचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं दोन्ही हात कानांवर नेले. "तिचं नको, सरू. तिचं बोलू नको. सांगू नको मला."

सरूबाई त्याच्याकडं बघत राहिली आणि हळूहळू तिला उमगलं. ज्योत्स्नाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. सात महिन्यांचा असताना तो तापानं गेला. तेव्हाही सीताराम कामशेतहून औषध घेऊन आला होता, आणि औषध हातात घेऊन दारात उभा राहिला होता, कारण घरात रडारड सुरू झाली होती. पुढं ज्योत्स्नाला ताप चढला त्या दिवशी तो तसाच कामशेतला गेला. औषध घेऊन येतो म्हणाला. आला नाही.

म्हणजे हा माणूस बत्तीस वर्षं पोरगी मेली असं धरून चालला होता. आणि तिचं नाव तोंडातून निघेना म्हणून त्यानं बायकोला विहिरीत ढकललं होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. पोरगी जिवंत आहे. सरूबाई ते बोलली नाही. डब्यावरून उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "रविवारी परत येते. खरं काय ते सगळ्यांफुडं सांगा. तवर ऱ्हावा असंच."

लोकलमध्ये तिला बरं वाटत होतं. वडापाव खाल्ला. रेणुका म्हणाली, "मावशी, खरं सांगू का, तुमचा हात लागल्यापासून गुडघा हलका हाय." तेही तिनं ऐकून घेतलं.

बरं वाटणं बुधवारपर्यंत टिकलं. बुधवारी अंगणवाडीत एका पोराला ताप भरला, त्याचा बाप मोटारसायकलवर आला, पोराला पोटाशी धरून गेला. बाकी दिवस सरूबाईचं खिचडीत लक्ष लागलं नाही. त्याला आठ दिवस मेलेल्या पोरीसोबत ठेवून आपण काय मिळवलं, हा प्रश्न तिनं पुन्हा पुन्हा बाजूला सारला आणि तो पुन्हा पुन्हा आला. वर आणखी एक होतं. तो जिवंत आहे हे आता ज्योत्स्नाला कळणारच, आणि घाटातली गाडी कुणी आणली हेही.

गुरुवारी ती तळेगावला गेली. ज्योत्स्ना दुपारच्या ड्यूटीची तयारी करत होती. आईला बघून तिनं चहा टाकला. सरूबाईनं चहा न पिता सगळं सांगितलं, सरळ, एका दमात. अंगणवाडीत पोरांना काय शिजवलं याचा हिशेब बाईंना देताना जसं बोलायची तसं.

ज्योत्स्नानं ड्यूटीच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. वडील जिवंत आहेत याचा तिला आनंद झाला, की धक्का बसला, काही कळायला मार्ग नव्हता. मग म्हणाली, "आई, मुंबईला जाताना घाट लागला की मी डोळे मिटून बसते. शाळेपासून. प्रत्येक बोगद्यात वाटायचं, इथंच असेल. अतुल हसायचा आधी, मग तोही गप्प बसायला लागला. मुलांनासुद्धा मी गप्प बसवते."

"मला काय ठाव," सरूबाई म्हणाली.

"तुला विचारलं होतं मी, नक्की कुठं झालं म्हणून. तू जागा सांगितलीस. दुसऱ्या बोगद्यानंतर, पुलाच्या अलीकडं."

सरूबाईला आठवलं. खरंच सांगितली होती. पोरगी दहा-अकरा वर्षांची असेल, सारखी विचारत होती, म्हणून तिनं एक जागा दिली होती. पूलसुद्धा घातला होता. लोणावळ्याच्या शेडमध्ये त्यानं सांगितलेली कमळासारखी बोटं ऐकून ती आधी मनात हसली होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो," ज्योत्स्ना म्हणाली. "तो पळाला ते मला आठवत नाही. त्याच्यावर रागावू तरी कशी? तू मात्र रोज जवळ होतीस." तिनं पर्स उचलली. "मला ड्यूटी आहे. किल्ली वॉचमनकडे दे."

चहा गार झाला होता. सरूबाईनं तो तसाच प्यायला, कप धुतला, ओटा पुसला. माफी मागितल्यावर पुढं काय करायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं, त्या पास्टरला विचारावं, त्याचा रोजचा धंदा आहे.

रविवारी शेड गच्च भरली होती. विहिरीतून उठलेल्या बाईला बघायला खोपोलीहूनही माणसं आली होती. पास्टर अमृतनं आठवडाभर फार काही झोप घेतली नसावी. त्यांनी उभं राहून आधी सरळ सांगून टाकलं, की सरूबाई मेल्याच नव्हत्या, आणि चमत्कार वगैरे काही झालेला नाही. नाराजीची एक लाट खुर्च्यांवरून गेली. खोपोलीवाल्यांतले काही उठून चिक्की घ्यायला गेले.

मग सीताराम उभा राहिला. कीबोर्डवाल्यानं सवयीनं सूर धरला, पास्टरांनी त्याला हातानं थांबवलं.

"मी कामशेतला गेलतो," सीताराम म्हणाला, आणि अडला. कमावलेला आवाज कुठं गेला कोण जाणे. "पोरीला ताप व्हता. औषध घ्यायला. घेतलं औषध. मग... स्टेशनवर बसलो जरा. आदी एक पोरगा गेलता आमचा. मला वाटलं, आता घरी गेलो की परत तेच बघायचं. लोकल आली. बसलो. लोणावळ्याला उतरलो. तितं दुसरी गाडी व्हती."

तो थांबला. लोक वाट बघत होते. कुणीतरी खोकलं. दुसऱ्या रांगेतला एक जण मोबाईल बघायला लागला. पुढच्या म्हातारीनं रुमाल घडी करून पिशवीत ठेवला.

"एवडंच हाय," सीताराम म्हणाला. "औषध कर्जतपातूर खिशात व्हतं. मग टाकलं. पोरगी गेली आसंल. मी बगितलं न्हाई. म्हणून मी बायकू मेली म्हणून सांगत व्हतो. ते सांगाया सोपं व्हतं."

कुणी रडलं नाही. कुणी हालेलुया म्हटलं नाही. इतकी पडेल साक्ष त्या शेडमध्ये आजवर झालेली नव्हती. सरूबाई मात्र शेवटच्या रांगेत उभी राहिली होती, आणि आपण कधी उठलो हे तिला कळलं नव्हतं.

"गेली न्हाई ती," ती म्हणाली. "माझ्या भावाला निरोप धाडला, त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन वडगावला दवाखान्यात नेली. तळेगावात नर्स हाय. दोन लेकरं हायेत तिला. मागल्या रविवारीच सांगाया पायजे व्हतं मी. मुद्दाम न्हाई सांगितलं."

सीतारामनं खुर्ची शोधायला हात मागं नेला. खुर्ची तिथं नव्हती. तो खाली फरशीवरच बसला, पाय पुढं पसरून, आणि तसाच बसून राहिला. पास्टर अमृत त्याच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसले. पवित्र शास्त्र त्यांच्या हातात होतं पण त्यांनी ते उघडलं नाही. शेवटी ढोलकीवाल्यानंच विचारलं, चहा आणू का, आणि उपासना तिथं संपली.

बाहेर पास्टर सरूबाईजवळ आले. "मावशी, तुम्ही त्यांना क्षमा केली का?"

"मला अजून मिळाली न्हाई, मी कुटं देत सुटू," सरूबाई म्हणाली. "तुमी सांगा, मागितल्यावर किती दिवस वाट बघायची असती?"

पास्टर अमृतनं जरा विचार केला. "देव लगेच देतो. माणसांचं मला नक्की नाही माहीत."

"तवाच सगळे त्याच्याकडं जात्यात," सरूबाई म्हणाली.

ज्योत्स्ना पाच आठवडे आईशी बोलली नाही. रोज संध्याकाळी अतुल फोन करायचा, पोरांना द्यायचा, आणि मागून भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा यायचा. सहाव्या रविवारी सुट्टी घेऊन ती एकटीच लोणावळ्याला गेली. काय बोलायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून बीपी बघायचं मशीन सोबत नेलं. तुंगार्लीच्या बंगल्यात सीताराम गुलाबाला माती लावत होता. तिनं त्याला पायरीवर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला. सीताराम हलला नाही. हवा भरताना तो तिच्या हाताच्या बोटांकडं बघत होता; पाचच होती.

"एकशे ऐंशीच्या वर आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "गोळ्या घेता?"

"न्हाई."

"मीठ कमी करा. मी गोळी लिहून आणते डॉक्टरांकडून. रोज घ्यायची. विसरून चालणार नाही." मग पट्टा सोडवताना म्हणाली, "तुम्हाला मी बाबा वगैरे म्हणणार नाही इतक्यात."

"नको," सीताराम म्हणाला.

तिथून निघाल्यावर तिनं लोकलमधून आईला फोन लावला, आणि हॅलो न म्हणता सांगितलं की त्या माणसाचं बीपी फार आहे, त्याच्या जेवणाकडं कुणीतरी बघायला हवं, आणि तिला स्वतःला वेळ नाही. सरूबाई म्हणाली, बरं. ज्योत्स्ना म्हणाली, तुझंही बघायचंय मला, मंगळवारी येते. सरूबाई पुन्हा बरं म्हणाली आणि फोन बंद झाल्यावर बराच वेळ तो हातात धरून चुलीसमोर बसली.

सीतारामची साक्ष आता कुणी मागत नाही. शेडमध्ये त्याला खुर्च्या लावायचं काम दिलंय आणि ते तो चांगलं करतो. आषाढात भाताच्या आवणीच्या वेळी एके सकाळी तो जीपमधून टाकव्यात उतरला. रेणुका ओट्यावर बसली होती, तिनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मावशी, तुमचं मयत आलंय."

सरूबाई खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेली होती. तिनं मान वर केली. सीताराम बांधावर चपला हातात घेऊन उभा होता. काहीतरी तयार करून आला असावा, कारण त्यानं घसा साफ केला.

"आता हितं बोलू नका," सरूबाई म्हणाली. "पाऊस हाय तवर रोपं लागली पायजेत. उतरायचं आसंल तर उतरा."

तो उतरला. तिनं त्याला रोपांची एक जुडी दिली. माळ्याचं काम करणारा माणूस, पण भातलावणीचा हात पार गेला होता. रोपं खोल जात होती आणि ओळ वाकडी होत होती. सरूबाई मागून आली, त्यानं लावलेली चार रोपं उपटली आणि परत त्याच्या हातात दिली.